नेम आणि कल : नवशिक्यास खेळ शिकविण्याच्या मराठी परिभाषेचा एक विचार

१. विषयप्रवेश

दिनांक २ ऑगस्ट २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत लव्हली चौबे, रूपा राणी तिर्की, पिंकी आणि नयनमोनी सैकिया ह्या चार भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेच्या संघाचा १७–१० असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर चार दिवसांनी पुरुषांच्या चौघांच्या संघाला रौप्यपदक मिळाले. खेळ होता हिरवळीवर चेंडू गडगडत नेण्याचा. मराठी वृत्तपत्रांतून ही वार्ता 'लॉन बॉल' अथवा 'लॉन बॉल्स' ह्या नावाने आली, आणि बहुसंख्य वाचकांना ह्या नावापलीकडे त्या खेळाची कसलीच कल्पना करता आली नाही. चेंडू सरळ का जात नाही, खेळाडू लक्ष्याकडे न पाहता भलतीकडेच का पाहतो, जिंकले म्हणजे नेमके काय झाले, हे सांगण्यास वार्ताहरापाशी शब्द नव्हते व वाचकापाशीही नव्हते.

ही उणीव केवळ वृत्तपत्रीय नव्हे. वर उल्लेखिलेल्या चौघींपैकी कोणीही हा खेळ बालपणापासून खेळत आलेली नव्हती. लव्हली चौबे ह्या धावपटू होत्या, रूपा राणी तिर्की कबड्डी खेळत, नयनमोनी सैकिया भारोत्तोलन करीत. म्हणजे हा खेळ प्रौढपणी, दुसऱ्या खेळाचे संस्कार अंगावर असताना शिकता येतो, व शिकून जगज्जेतेपणाच्या जवळ जाता येते, हे ह्या उदाहरणाने सिद्ध झाले. प्रौढ माणसाला नवा खेळ शिकविताना अनुकरणाइतकाच शब्दाचाही आधार घ्यावा लागतो. लहान मूल पाहून शिकते. प्रौढास 'असे का' हे सांगावे लागते. ते सांगणे कोणत्या भाषेत व्हावे, आणि त्या भाषेत त्याची सोय आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मराठीने पूर्वी खेळ कसे शिकविले, ह्या इतिहासाकडे वळणे भाग आहे. तत्पूर्वी त्या परक्या खेळाचा थोडा वृत्तांत पाहू.

२. खेळाचा पूर्वेतिहास आणि त्याचे शिक्षण

इंग्रजीतील ह्या खेळाचे नाव पुष्कळांना 'वाडगा' ह्या अर्थाच्या शब्दाशी एकरूप वाटते. परंतु दोन्ही शब्द भिन्न कुळांतील आहेत. वाडग्याचा शब्द जर्मानिक आहे. खेळाचा शब्द फ्रेंच 'बूल' ह्यावरून आला असून त्याचे मूळ लॅटिन 'बुल्ला', म्हणजे बुडबुडा वा वाटोळी वस्तू, ह्या शब्दात आहे. इंग्लंडातील साउदॅम्प्टन येथील क्रीडाहिरवळ आपला आरंभ १२९९ पासून सांगते.

ह्या खेळाच्या शिक्षणाचा इतिहास हा काही काळ त्याच्या मनाईचा इतिहास आहे. आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्याने कारागीर, मजूर, उमेदवार व नोकर ह्यांना नाताळाखेरीज हा खेळ खेळण्यास बंदी केली. नाताळातही तो मालकाच्या घरी व मालकाच्या समक्ष खेळावयाचा. धनुर्विद्येचा सराव मागे पडू नये, हा त्या कायद्यामागील एक हेतू होता. श्रीमंत जमीनदारास मात्र आपल्या आवारात खेळण्याची परवानगी मिळे. हा कायदा १८४५ मध्ये रद्द झाला. म्हणजे तीन शतके ह्या खेळाची परिभाषा प्रतिष्ठितांच्या हिरवळीवर घडत होती. सामान्यांच्या तोंडी तो शब्द होता, पण हातात चेंडू असणे गुन्हा होता.

ती परिभाषा केवढी रुळली होती ह्याचा पुरावा शेक्सपियरच्या 'दुसरा रिचर्ड' ह्या नाटकात आहे. तेथे सखीने ह्या खेळाची सूचना करताच राणी त्यातील दोन पारिभाषिक शब्द, हिरवळीवरील अडथळ्याचा आणि चेंडूच्या अंगच्या वळणाचा, आपल्या दुर्दैवावर श्लेषाने योजते. प्रेक्षकांना तो श्लेष कळत असल्याखेरीज नाटककार तो करणार नाही. ह्यांपैकी दुसरा शब्द 'बायस' हा होय. फ्रेंचमधून 'तिरपेपणा' ह्या अर्थाने आलेला हा शब्द सोळाव्या शतकात ह्या खेळात स्थिरावला, आणि तेथून 'मनाचा एकीकडे असलेला ओढा' ह्या अर्थाने सर्वसामान्य भाषेत गेला. आज न्यायशास्त्रात आणि संख्याशास्त्रात ज्या शब्दावाचून चालत नाही, तो एके काळी लाकडी चेंडूच्या वाकड्या चालीचा शब्द होता.

ह्या खेळाला सर्वांस शिकण्याजोगे रूप एकोणिसाव्या शतकात लाभले. एडविन बडिंग ह्याने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे एकस्व घेतले. हिरवळ राखणे त्यामुळे स्वस्त व सुकर झाले. स्कॉटलंडातील क्रीडामंडळांच्या वतीने ग्लासगोच्या विल्यम वॉलेस मिचेल ह्यांनी १८४९ च्या सुमारास नियमांची एकसूत्री मांडणी केली व १८६४ मध्ये खेळाचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. १८७१ पासून ग्लासगोच्याच थॉमस टेलर ह्यांच्या कारखान्यात चेंडूच्या वळणाची चाचणी ठरावीक मेजावर होऊ लागली. नियम लिहिले गेले, साधन प्रमाणित झाले, पुस्तक छापले गेले. मग संघटना आल्या. इंग्लंडची संघटना १९०३ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष क्रिकेटमहर्षी डब्ल्यू. जी. ग्रेस हे होते. १९३० च्या पहिल्या साम्राज्य क्रीडास्पर्धांपासून, १९६६ चा अपवाद वगळता, हा खेळ त्या स्पर्धांत आहे. भारताने त्यात प्रथम भाग घेतला तो २०१० च्या दिल्ली स्पर्धांत.

३. नवशिक्यास काय शिकवावे लागते

हिरवळ सपाट असते. तिची लांबी ३१ ते ४० मीटर असते व तिच्या कडेने चर असतो. तिचे समांतर पट्टे पाडलेले असतात. खेळाडू सुमारे ६० सेंटिमीटर लांब व ३६ सेंटिमीटर रुंद अशा लहान चटईवरून चेंडू सोडतो. सोडतेवेळी त्याचा एक पाय चटईवर अथवा चटईच्या वरच्या बाजूस असावा लागतो. प्रथम एक लहान, पांढरी अथवा पिवळी गोटी गडगडत नेतात. तिचा व्यास साडेसहा सेंटिमीटरांच्या आसपास असतो आणि ती चटईपासून किमान २३ मीटर दूर जावी लागते. त्यानंतर दोन्ही पक्ष आळीपाळीने मोठे चेंडू टाकतात. हे चेंडू साधारण १२ ते १३ सेंटिमीटर व्यासाचे असून त्यांचे वजन जास्तीत जास्त १.५९ किलोग्रॅम असते. सर्व चेंडू टाकून झाले म्हणजे गोटीच्या सर्वांत जवळ ज्या पक्षाचा चेंडू, त्याने ती फेरी जिंकली. प्रतिपक्षाच्या सर्वांत जवळच्या चेंडूहून त्याचे जितके चेंडू अधिक जवळ असतील तितके गुण त्यास मिळतात. एवढे कोणासही दोन मिनिटांत समजते.

अडचण पुढे आहे. चेंडू पूर्ण गोल नसतो. त्याची एक बाजू किंचित अधिक फुगीर घडविलेली असल्याने त्याचा गुरुत्वमध्य एका अंगास सरकलेला असतो. पूर्वी काही चेंडूंत शिसे भरून हे साधत. आता ते आकारानेच साधतात. वेग असेतो चेंडू जवळजवळ सरळ जातो. वेग मंदावू लागला म्हणजे तो एका बाजूस झुकतो, आणि शेवटच्या टप्प्यात त्याची वाट अधिकाधिक वळत जाते. चेंडू कोणत्या बाजूस वळणार हे ओळखण्यासाठी त्याच्या दोन्ही अंगांवर चिन्हे असतात. लहान चिन्ह ज्या अंगास, त्या अंगास तो वळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याने लहान चिन्ह डावीकडे ठेवून चेंडू उजवीकडे सोडला, तर तो कमान काढून डावीकडे परततो.

ह्यावरून नवशिक्याची मुख्य चूक कोणती, हे स्पष्ट होते. तो गोटीकडे पाहतो. गोटीकडे पाहून गोटीकडेच चेंडू सोडतो, आणि चेंडू वळून दूर निघून जातो. त्यास शिकवावे लागते ते हे, की लक्ष्य एक आणि रोख दुसरीकडे. कमानीचा खांदा जेथे असेल तेथवर दृष्टी लावावी, पाऊल त्या दिशेस टाकावे, हात त्या दिशेस जाऊ द्यावा. उरलेले काम चेंडूचे अंगभूत वळण करील. दिशा आणि जोर ह्या दोहोंपैकी दिशा बहुधा लवकर साधते, जोर उशिरा. त्यात हिरवळीच्या वेगाचा प्रश्न निराळाच. सुमारे २७ मीटर अंतर जाऊन थांबण्यास चेंडूला जितके सेकंद लागतात, तितका त्या हिरवळीचा अंक. जलद हिरवळीवर चेंडू हळू सोडला तरी पोचतो व वाटेत अधिक वेळ घेतो. म्हणून अंक मोठा तो जलद, आणि अंक लहान तो मंद. जड गवताच्या ओल्या हिरवळीवर दहा सेकंद लागतील, तर कोरड्या कठीण हिरवळीवर पंधराहून अधिक. 'जलद' ह्या शब्दाचा रोजचा अर्थ घेऊन आलेल्या शिकाऊ माणसाचा येथे हमखास गोंधळ होतो.

तेव्हा ह्या खेळातील अडचणी बव्हंशी शब्दार्थाच्या आहेत, असे म्हणता येईल. सरळ, जलद, नेम ह्या ओळखीच्या शब्दांचा अर्थ येथे बदलतो. तो बदल समजावून देणे, हेच ह्या खेळाचे आद्य शिक्षण होय.

४. मराठी खेळांतील तीन परंपरा

मराठीने खेळ शिकविण्याचे काम तीन निरनिराळ्या रीतींनी केलेले दिसते.

पहिली रीत मौखिक. तिचे उत्तम उदाहरण विटीदांडू. विटी जेथे पडली तेथपासून गलीपर्यंतचे अंतर दांडूने मोजतात आणि मोजताना 'वकट, लेंड, मूंड, नाल' अशी गणना करतात. ज्या शब्दावर मोजणी थांबेल त्यास अनुसरून विटी पुढच्या वेळी पायावर, मुठीवर, डोळ्यावर अशी कोठेतरी ठेवून टोला मारावयाचा. ही मराठी संख्यावाचके नव्हेत, हे उघड आहे. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु ह्यांच्याशी त्यांचे साम्य अभ्यासकांच्या फार पूर्वीच ध्यानात आलेले आहे. कन्नडातील ओंदु व एरडु ह्यांच्यापेक्षा तेलुगू रूपे अधिक जवळची आहेत. 'वकट' ह्यातील आद्य वकाराचा खुलासा तेलुगूच्या उच्चारातच मिळतो. तेथे शब्दारंभीच्या ओकारापूर्वी वकाराची श्रुती ऐकू येते. 'लेंड' मध्ये रकाराचा लकार झाला आहे. 'मूंड' मधील अनुस्वार मूळ शब्दात नाही. तो शेजारच्या 'लेंड' च्या सादृश्याने आला असावा. 'नाल' नंतर क्रम बिघडतो व गावोगाव पाठ बदलतात. पुष्कळ पाठांत पुढे 'आर' येतो. द्राविड भाषांत त्याचा अर्थ सहा. पाच मात्र गळून पडला आहे.

अर्थ संपूर्ण हरवलेला असताना हे शब्द कसे टिकले? मोजणाऱ्या मुलाला तेलुगू येत नाही, शिकविणाऱ्यालाही येत नव्हते. उत्तर असे, की प्रत्येक शब्द शरीराच्या एका ठिकाणाला व एका कृतीला बांधलेला आहे. 'मूंड' म्हणजे तीन हे कोणासही ठाऊक नसले, तरी 'मूंड' म्हटल्यावर विटी कोठे ठेवावयाची हे सर्वांस ठाऊक असते. अर्थ गेला, पण काम राहिले. म्हणून शब्द राहिला. पाच ह्या अर्थाचा शब्द गळाला तरी खेळाचे काही अडले नाही, हेही ह्याच दृष्टीने बोलके आहे. संख्येचा क्रम बिघडला, कृतीचा क्रम शाबूत राहिला.

दुसरी रीत नियमबद्ध, म्हणजे लिखित. विसाव्या शतकाच्या आरंभी देशी खेळांना एकसूत्री रूप देण्याची खटपट महाराष्ट्रात व बडोद्यात सुरू झाली. अनंत बाबाजी देवधर ह्यांचे 'मराठी खेळांचे पुस्तक' १९०५ मधील. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची स्थापना १९०६ मधील, व खो-खोच्या नियमांची तेथील पहिली मांडणी १९१४ मधील. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने पुढे हेच कार्य चालविले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळ १९२८ मध्ये स्थापन झाले. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली, आणि त्याच वर्षी बडोद्यास 'व्यायाम ज्ञानकोश' प्रसिद्ध होऊ लागला. १९४९ पर्यंत त्याचे दहा खंड झाले.

ह्या लेखनामुळे भाषेत एक लक्षणीय द्वैत निर्माण झाले. नियमपुस्तकाची क्रियापदे विध्यर्थी असतात: गड्याने बसावे, पाठ दाखवू नये, खो द्यावा. मैदानावरची क्रियापदे आज्ञार्थी: बस, ऊठ, खो दे. पहिल्यात कर्ता तृतीय पुरुषी व अनाम, दुसऱ्यात समोर उभा. उत्तम शिक्षक तो, की जो पुस्तकातील 'द्यावा' चा मैदानावर 'दे' करतो, आणि वाद निघाला तर पुन्हा 'द्यावा' कडे बोट दाखवितो. ह्या दोन्ही थरांवर एकच शब्द चालला, हे ह्या पिढीचे यश होय. 'खो' हा शब्द पुस्तकातही तोच व मुलाच्या तोंडीही तोच. 'चढाई', 'पकड', 'दम' ह्यांचेही तसेच. 'लोण' ह्या शब्दाची कथा तर अधिक उद्बोधक आहे. लवण शब्दापासून आलेला हा शब्द आट्यापाट्यांत सर्व पाट्या ओलांडून परतण्याच्या कृतीचा; त्या खेळाचे एक जुने नावच 'लोणपाट'. कबड्डीत तो सबंध प्रतिपक्ष बाद करण्याला लागला आणि आंतरराष्ट्रीय नियमावलीत 'लोना' ह्या रूपाने स्थिर झाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा ब्राझील, पेरू व इंग्लंड येथील खेळाडूही 'खो' म्हणूनच उठत होते. शब्द कृतीला बांधलेला असला, म्हणजे त्याला पारपत्र लागत नाही.

तिसरी रीत भाषांतराची. तिचे उदाहरण क्रिकेट. येथे खेळ आयता आला, नियम आयते आले, शब्द मात्र घडवावे लागले. त्यांत दोन प्रकार दिसतात. 'षटक', 'यष्टी' हे संस्कृताधारे घडविलेले. 'गोलंदाज' हा मराठ्यांच्या तोफखान्यातून आला: तोफेचा गोळा टाकणारा तो गोलंदाज, आता चेंडू टाकणारा. त्याच्या जोडीस 'फळी' वरून 'फलंदाज' झाला. फारसी 'अंदाज' म्हणजे फेकणारा. तेव्हा व्युत्पत्तीच्या काट्याने तोलले तर फलंदाज हा फळी फेकणारा ठरेल! परंतु लोकांनी व्युत्पत्ती विचारली नाही. 'त्रिफळाचीत', 'पायचीत', 'धावचीत' ह्यांत कुस्तीतील 'चीत' आले, व कुस्ती पाहिलेल्या माणसाला 'हा गडी संपला' हे एका अक्षरद्वयात कळले. आकाशवाणीवरील मराठी समालोचनातून बाळ ज. पंडित ह्यांनी असे शब्द घरोघर रुळविले.

तथापि येथे एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. गल्लीत खेळणारी मुले 'विकेट', 'ओव्हर', 'रन' असेच म्हणतात. 'षटक' वृत्तपत्रात राहिले. म्हणजे कबड्डीत जे द्वैत केवळ क्रियापदाचे होते, ते क्रिकेटमध्ये शब्दांचे झाले. 'गोलंदाज' सारखे मुळात चित्रमय असलेले शब्द दोन्ही थरांवर जगले. जे केवळ इंग्रजीची भरपाई म्हणून आले ते छापील थरावर थांबले.

५. खांदेश्वर आणि आजचा नवशिका

हा विचार कोणासाठी, हे सांगण्यास खांदेश्वरचे उदाहरण घेतो. तळ्याकाठच्या शिवमंदिरावरून नाव मिळालेली ही वस्ती. हार्बर मार्गावर मानसरोवर आणि पनवेल ह्यांच्या दरम्यान तिचे स्थानक आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली व ह्या भागात नव्या शहराची आखणी झाली, त्यापूर्वी येथे भातखाचरे होती, खाडीकडे मिठागरे होती, आणि आगरी व कोळी बोलींची गावे होती. नव्या इमारतींतून कोकणी, देशी, खानदेशी, वऱ्हाडी अशी नाना तऱ्हेची मराठी वस्तीस आली. तेलुगू, कन्नड व हिंदी भाषक शेजारी आले. अशा ठिकाणी एकाच खेळाची चार नावे व एकाच नियमाचे चार पाठ एकत्र येतात, आणि मुले खेळण्यापूर्वी 'आमच्याकडे असे असते' ह्यावर वाद घालतात. विटीदांडूची गणना ज्या मौखिक साखळीने टिकली ती एका गावच्या स्थिर वस्तीची साखळी होती. ती साखळी येथे तुटते. नव्या वसाहतीत खेळ टिकावयाचा तर तो कोणी तरी जाणीवपूर्वक, शब्द ठरवून, शिकवावा लागतो. हे नव्या खेळाइतकेच जुन्या खेळालाही लागू आहे.

दुसरी गोष्ट वयाची. ज्यांनी ही घरे तरुणपणी घेतली ती पिढी आता निवृत्त होत आहे. धावणे नको, पण हाताचा अंदाज, डोळ्याची पारख आणि चार माणसांची संगत हवी, अशा वयाला हिरवळीवरचा हा खेळ अनुरूप आहे. आजोबा आणि नात एकाच पक्षात खेळू शकतील असे खेळ थोडे. हा त्यांतील एक. पूर्ण हिरवळ नसेल तेथे बारा ते चौदा मीटर लांब व सुमारे १.८३ मीटर रुंद गालिच्यावर त्याचा आखूड प्रकार सभागृहातही खेळतात. नवशिक्यास चेंडूचे वळण दाखविण्यास तेवढी जागा पुरते. अडते ते शिकविण्यापाशी. 'बायस अंदर की तरफ रखो' अशा मिश्र वाक्यात ज्याला कल्पनाच परकी आहे त्याला शब्दही परका मिळाला, तर तो पहिल्याच दिवशी 'हा आपला खेळ नव्हे' असे मानून परततो. शिकाऊ माणूस खेळाला कंटाळत नाही. आपण मंदबुद्धी ठरू ह्या शंकेने तो लाजतो. आठव्या हेन्रीने कायद्याने जी वाट अडविली ती आता अपरिचित शब्दाने अडू नये.

६. काही शब्दांची पारख

वरील तीन परंपरांवरून निघणारी कसोटी अशी: शब्द कोठून आला हे गौण; तो कोणत्या कृतीला अथवा दिसणाऱ्या गोष्टीला बांधलेला आहे हे मुख्य. ह्या कसोटीने काही शब्द पुढे मांडतो.

वस्तूंच्या नावांबद्दल आग्रह नको. चटईला 'मॅट' म्हटले तरी ती पायाखाली दिसतेच. लहान लक्ष्याला 'गोटी' म्हणणे सोयीचे, कारण गोट्या खेळलेल्या हाताला नेमाचे स्मरण त्या शब्दानेच होईल. कडेच्या खळग्याला 'चर' हा शब्द शेतकऱ्याच्या तोंडचा आहे. समांतर पट्ट्यांना आट्यापाट्यांतील 'पाटी' हा शब्द आयता आहे. गोटीला स्पर्श केलेल्या चेंडूवर खडूची खूण करतात व तो चरात गेला तरी जिवंत मानतात. त्यास 'शिवलेला' म्हणावे. शिवाशिवी खेळलेल्या मुलाला शिवल्याने काही तरी बदलते हे सांगावे लागत नाही.

गुणांच्या व क्रियांच्या नावांबद्दल मात्र आग्रह हवा. 'बायस' ह्यासाठी 'कल' हा शब्द सर्वतोपरी योग्य वाटतो. भिंतीचा कल, जमिनीचा कल आपण म्हणतो. मनाचा कल, मतदारांचा कलही म्हणतो. इंग्रजीत जो अर्थप्रवास सोळाव्या शतकात हिरवळीवरून मनाकडे झाला, तो मराठीत ह्या शब्दाने पूर्वीच केलेला आहे. शिवाय 'कलणे' हे क्रियापद हाताशी आहे: 'वेग सरला की चेंडू कलतो' हे वाक्य ऐकणाऱ्यास डोळ्यांपुढे दिसते. 'अभिनती' सारखा शास्त्रीय शब्द येथे योजला, तर तो पुस्तकात राहील व मैदानावर 'बायस' राहील. क्रिकेटमध्ये जे झाले तेच होईल. 'जलद हिरवळ' हा प्रयोग टाळून 'सुटी हिरवळ' व 'जड हिरवळ' म्हणावे. सुट्या हिरवळीवर चेंडू सहज सुटून जातो, जड हिरवळीवर तो अडकतो, आणि सेकंदांचा गोंधळ उत्पन्नच होत नाही.

सर्वांत विचार करण्याजोगा शब्द 'नेम'. संस्कृत 'नियम' ह्यापासून आलेल्या ह्या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत: ठरलेले व्रत वा शिस्त, आणि लक्ष्यावर धरलेला रोख. गोट्यांत, लगोरीत, विटीदांडूत दुसरा अर्थ चालतो. तेथे नेम म्हणजे नजर लक्ष्यावर. अर्जुनाला केवळ पक्ष्याचा डोळा दिसत होता, ही कथा आपल्या नेमाच्या कल्पनेचा आदर्श आहे. हिरवळीवरच्या खेळात तो आदर्श आड येतो. येथे पहिला अर्थ कामी येतो. कल ओळखावा, वाट ठरवावी, पाऊल व हात दर वेळी त्याच वाटेने न्यावेत. सातत्याचा जो नेम, तोच येथला नेम. 'नेम गोटीवर धरू नये, वाटेवर धरावा' असे विध्यर्थी वाक्य पुस्तकात लिहावे, आणि मैदानावर वडीलधाऱ्या शिकाऊस 'काका, गोटीकडे बघू नका, वाटेकडे बघा. वळायचं ते चेंडू वळेल' एवढेच सांगावे. दोन्ही वाक्यांत शब्द तेच असल्यामुळे पुस्तक व मैदान ह्यांत अंतर पडणार नाही.

शिकविण्याचा क्रमही ह्यातूनच ठरतो. पहिल्या दिवशी गोटी मांडूच नये. चेंडू नुसता सोडावा व तो कोठे कलतो ते पाहू द्यावे. मग चेंडू उलटा धरून दुसऱ्या अंगाने सोडावा. 'कल' हा शब्द हे पाहून झाल्यावर उच्चारावा, आधी नव्हे. दुसऱ्या टप्प्यात वाटेवर एखादी खूण ठेवून तिच्यावरून चेंडू न्यावयास सांगावे. गोटी तिसऱ्या टप्प्यात मांडावी, आणि जोराचा विचार त्यानंतर. अनुभवापाठोपाठ शब्द आला, की तो वकट-लेंडाप्रमाणे हाताला चिकटतो.

७. समारोप

तात्पर्य, खेळाच्या परिभाषेचा प्रश्न कोशकाराच्या मेजावर पूर्णतः सुटणारा नाही. वकट व लेंड हे शब्द परके असून जगले, कारण ते अंगाला बांधलेले होते. कित्येक शुद्ध संस्कृत शब्द आपले असूनही मैदानात उतरले नाहीत, कारण त्यांना अंग नव्हते. १९१४ पासूनच्या तीन-चार दशकांत महाराष्ट्रातील व बडोद्यातील क्रीडामंडळांनी देशी खेळ नियमबद्ध केले, तेव्हा त्यांनी नवे शब्द फारसे घडविले नाहीत. मुलांच्या तोंडचे शब्द विश्वासाने उचलले व त्यांना व्याख्या दिली. हिरवळीवरच्या परक्या खेळाबाबत तीच रीत उलट दिशेने चालवावी लागेल: व्याख्या तयार आहे, तिला शेतातील, अंगणातील व आट्यापाट्यांच्या मैदानातील शब्द जोडून द्यावयाचे आहेत. विटीदांडूची गावोगावची गणना, आट्यापाट्यांचे व गोट्यांचे शब्द ज्यांच्या स्मरणात आहेत ती माणसे खांदेश्वरसारख्या वसाहतींतून आजही भेटतात. ती जो शब्द जाणतात तो नव्या खेळाचे भांडवल आहे. तो त्यांच्याकडून उतरवून घेण्याचे काम विद्यार्थ्यांनी ह्या सत्रातच हाती घेतल्यास त्याचा उपयोग भाषाशास्त्राला होईल, आणि चेंडू प्रथमच हाती धरणाऱ्या एखाद्या निवृत्त गृहस्थालाही होईल.